माफी कोर्टात, ठाण्यात नाही

स्थापना-जाहीरनामा, पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर

पुंडलिकनगर, हनुमाननगर, गारखेडा, मुकुंदवाडीतल्या भावांनो, बहिणींनो,

आम्ही इथलीच माणसं. कुणी चिकलठाणा एमआयडीसीत पाळीवर जातं, कुणी रिक्षा चालवतं, कुणी शिकवणी घेतं, कुणी शिलाई करतं. आमच्यातले दोघे उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करतात. आजवर एकत्र आलो ते बहुतेक पाण्यासाठी. टाकीवर जाऊन बसलो, नळाला पाणी कधी येणार ते विचारलं, आश्वासन घेऊन घरी आलो. आज ज्यासाठी जमलो आहोत ते पाण्याइतकं मोकळेपणानं बोलता येत नाही. ते बोलण्याआधी माणूस एकदा मागं वळून बघतो.

आमचं म्हणणं असं. पोलिसांना खबर देणाऱ्या माणसानं स्वतः गुन्हा केला, तर तो तुमच्या-आमच्यासारखाच नोंदला गेला पाहिजे, त्याचा तपास झाला पाहिजे, खटला चालला पाहिजे. त्याला माफी द्यायचीच असेल तर ती न्यायाधीशानं द्यावी. लेखी द्यावी, कारणं देऊन द्यावी, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं ऐकून द्यावी. ठाण्यातल्या टेबलावर, चहाच्या कपासोबत, तोंडी दिलेली माफी आम्हाला मान्य नाही.

ही गोष्ट सुरू झाली ती आमच्यातल्या एका ताईंमुळे. ताई मेस चालवतात. डबे पोचवायला एक पोरगा आहे, लांबच्या नात्यातला. गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी एक जण उभा राहायचा आणि बटन विकायचा. बटन म्हणजे नशेच्या गोळ्या. या शहरातल्या आई-बापांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पोरगा एकदा त्याला म्हणाला, दादा, इथं शाळेची लेकरं असतात, जरा पलीकडं जा. दुसऱ्या दिवशी त्याच्या दंडावर ब्लेडनं वार झाला. सात टाके पडले.

ताई शहरातल्या एका ठाण्यात गेल्या. कोणत्या, ते आम्ही लिहिणार नाही, कारण हा जाहीरनामा एका ठाण्याविरुद्ध नाही. धारदार वस्तूनं दुखापत करणं हा दखलपात्र गुन्हा आहे. लिहून घेतली गेली ती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. ताईंनी गोळ्या कुठं लपवल्या जातात तेही सांगितलं होतं: बंद पडलेल्या एका दुकानाच्या मीटरच्या पेटीमागं. समोरचे गृहस्थ वाईट वागले नाहीत. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "काकू, तो आपल्या कामाचा गडी आहे. दोन घरफोड्या त्याच्यामुळं उघड झाल्या. कशाला नादी लागता? मी त्याला समज देतो."

तिसऱ्या दिवशी तो माणूस ताईंच्या दारात आला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, "काकू, मीटरच्या पेटीमागं आता काही नाही."

ती जागा ताईंनी ठाण्यात एकाच टेबलावर सांगितली होती.

आम्ही यावर बऱ्याच रात्री बोललो. त्यातून जे उमगलं तेच या चळवळीचं मूळ आहे. त्या दिवशी ठाण्यात खबर कुणी दिली होती? ताईंनी. गुन्ह्याची खरी, उपयोगी, स्वतःचा कोणताही फायदा नसलेली खबर घेऊन गेलेली बाई तीच होती. म्हणजे खऱ्या अर्थानं खबरी तीच. पण तिचं नाव तिसऱ्या दिवशी गुन्हेगाराच्या तोंडी होतं, आणि त्या माणसाचा गुन्हा मात्र खबरी या शब्दाखाली झाकला गेला. ज्याचं नाव राखायचं त्याचं फोडलं, आणि ज्याचा गुन्हा नोंदवायचा त्याचा राखला. हे उलटं काम सुलटं करायचं आहे. त्यापलीकडे आमची मागणी नाही.

कायदा काय म्हणतो ते आमच्या वकील मित्रांनी आम्हाला कलम काढून दाखवलं, आणि तुम्हालाही ते माहीत असावं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२५ म्हणजे आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३१. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, असं ते कलम म्हणतं. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्येही कलम ६८ तेच सांगतं. फिर्यादीत नेहमी वाचायला मिळणारं 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली' हे वाक्य याच आधारावर उभं असतं. आमची त्याबद्दल तक्रार नाही. बातमीदाराचं नाव राखलंच पाहिजे. पण ही कलमं नीट वाचा. त्यांत नाव झाकायची मुभा आहे, गुन्हा झाकायची नाही. खबरी आहे म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल करू नये, असं एकही कलम या देशाच्या कायद्यात नाही.

कायद्यानं सवलतीची दारं ठेवली आहेत, नाही असं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ नुसार न्यायालय गुन्ह्यात सामील असलेल्याला माफीचा साक्षीदार करू शकतं. अट एकच, त्यानं सगळं आणि खरं सांगायचं. लपवलं किंवा खोटं बोलला तर माफी जाते आणि खटला पुन्हा त्याच्यावर उलटतो. कलम ३६० नुसार सरकारी वकील न्यायालयाच्या संमतीनं खटला मागे घेऊ शकतो, आणि नव्या संहितेत तिथं पीडिताला ऐकल्याशिवाय परवानगी देऊ नये अशी भर पडली आहे. एनडीपीएसच्या कलम ६४ नुसार सरकार लेखी कारणं नोंदवून एखाद्याला खटल्यातून मोकळीक देऊ शकतं. या तिन्ही दारांवर कागद आहे, सही आहे, तारीख आहे, उद्या जाब विचारता येईल असा कुणीतरी माणूस आहे. चौथं दार कायद्यानं ठेवलेलं नाही. ते लोकांनी पाडलं आहे, ठाण्याच्या मागच्या भिंतीतून. डीबी, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातल्या कुणाशी ओळख, महिन्याला दोन बातम्या, आणि बदल्यात हद्दीत हात मोकळा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगून टाकलं आहे. त्या निकालात खबऱ्यांसाठी अपवाद नाही.

उजेडात दिलेली माफी कशी असते, याचं उदाहरण आपल्याच मुलखात आहे. दिगंबर बडगे हा पुण्यात शस्त्रांचा धंदा करणारा माणूस. गांधीजींच्या खुनाच्या कटात तो आरोपी होता आणि १९४८ साली लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात तो माफीचा साक्षीदार झाला. केवढ्या मोठ्या गुन्ह्यात केवढी मोठी माफी! पण ती कशी मिळाली ते पाहा. तो भर न्यायालयात उभा राहिला, स्वतःचा वाटा कबूल केला, बचावाच्या वकिलांनी त्याला उलटसुलट तपासलं. आणि न्यायाधीश आत्माचरण यांनी फेब्रुवारी १९४९ च्या निकालात त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा आधार मागितला. सावरकरांच्या बाबतीत तो आधार मिळाला नाही, तेव्हा केवळ बडगेच्या शब्दावर विसंबणं न्यायाधीशांनी नाकारलं आणि सावरकर निर्दोष सुटले. त्या खटल्याबद्दल आमच्यातही एकमत नाही, आणि इथं ते हवंही नाही. एवढंच दिसावं की देशाला हादरवणाऱ्या खटल्यातही माफी मिळालेल्या माणसाचा शब्द आंधळेपणानं घेतला गेला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा शब्द कुणी तपासला? त्यानं दिलेली बातमी खरी की धंद्यातल्या स्पर्धकाला उठवण्यासाठी दिलेली, हे त्याला कुणी कधी विचारलं?

दुसरं उदाहरण याच्या उलट बाजूचं, काळजाला लागणारं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. त्या हल्ल्याआधी पुन्हा पुन्हा येऊन ठिकाणं पाहून, चित्रीकरण करून गेलेला डेव्हिड हेडली हा मुळात हेरॉइनचा तस्कर. १९८८ साली पकडला गेला, साथीदारांबद्दल सांगितलं, शिक्षा हलकी झाली. १९९७ साली पुन्हा हेरॉइनच्याच गुन्ह्यात सापडला, या वेळी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा खबरी झाला आणि शिक्षा पुन्हा हलकी झाली. २००१ च्या अखेरीस त्याच्यावरची न्यायालयाची देखरेखसुद्धा मुदतीआधी उठली, आणि २००२ मध्ये तो पाकिस्तानात लष्कर-ए-तय्यबाच्या तळावर प्रशिक्षण घेत होता. पुढे ताडदेवला त्यानं इमिग्रेशनचं ऑफिस थाटलं आणि त्याच्या आडून मुंबई फिरला.

खबरी होता म्हणूनच हल्ला झाला, असं आम्ही म्हणत नाही. इतकी सरळ रेघ ओढणं खोटेपणाचं होईल. त्याला मिळालेल्या सवलतीही न्यायालयातूनच गेल्या होत्या, हेही लपवायचं कारण नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट सोडत नाही. त्याच्या बायकांनी त्याच्याबद्दल सांगितलं होतं. एकीनं २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, दुसरीनं नंतर इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात जाऊन. माणूस धोकादायक आहे, अतिरेक्यांत आहे, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यावरून त्याला कुणी अडवलं नाही. एकदा माणूस 'आपल्या कामाचा' ठरला की त्याच्याविरुद्ध आलेल्या तक्रारीचं वजन आपोआप कमी होतं, मग तक्रार करणारी त्याची बायको असो की आमच्या गल्लीतली मेसवाली ताई. हेडलीला २०१३ च्या जानेवारीत शिकागोच्या न्यायालयानं ३५ वर्षांची शिक्षा दिली. तोवर त्यानं कबुलीच्या बदल्यात भारताच्या हवाली न होण्याची हमी मिळवून ठेवली होती. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यानं पडद्यावरून साक्ष दिली. त्या खटल्यातला आरोपी झबिउद्दीन अन्सारी आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. मराठवाड्यापासून ही गोष्ट फार लांबची नाही.

मुंबईतलाच आणखी एक निकाल. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून उचलून संध्याकाळी वर्सोव्यात गोळ्या घातल्या गेल्या, आणि चकमक झाली असं दाखवलं गेलं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं २१ जणांना दोषी ठरवलं. त्यांत पोलिसांबरोबर वर्दी नसलेली खाजगी माणसंही होती. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं १२ पोलीस आणि एका खाजगी व्यक्तीची शिक्षा कायम केली, सहा खाजगी माणसांना पुराव्याअभावी सोडलं, आणि आधी सुटलेल्या एका माजी अधिकाऱ्याला दोषी धरलं. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. लखनभैयासोबत उचलला गेलेला त्याचा मित्र, जो या खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार होता, २०११ मध्ये साक्षीची तारीख जवळ आली असताना बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. वर्दीच्या सावलीत वावरणाऱ्या खाजगी माणसांना आपल्याकडे झिरो पोलीस म्हणतात. त्यांच्याकडे ना नेमणूक, ना बक्कल नंबर, ना जबाबदारी. सावली मात्र पोलिसाइतकीच लांब. आणि खऱ्या साक्षीदारावर सावली धरायला कुणी नाही.

आता समोरची बाजू. ती आम्ही ऐकली आहे, आणि आमच्या नात्यागोत्यात पोलीस आहेत म्हणून आदरानं ऐकली आहे. ते म्हणतात, सज्जन माणसाला चोराचा पत्ता माहीत नसतो. कीर्तनाला जाणारा माणूस सोनसाखळी कुठं वितळवली जाते ते सांगू शकत नाही. मनुष्यबळ कमी, बंदोबस्त रोजचा, वरून तपासाचा दट्ट्या. काट्यानं काटा काढावा लागतो.

खरं आहे. पण काट्यानं काटा काढल्यावर आपली आजी काय करायची ते आठवा. दोन्ही काटे वेचून कुंपणापलीकडे टाकायची, पुन्हा कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. कामाला आला म्हणून दुसरा काटा उंबऱ्यावर ठेवायची नाही.

आणि खबर फुकट घ्या असं आम्ही म्हणत नाही. गुप्त माहितीसाठी सरकार पैसा ठेवतं. सीमाशुल्क खात्यात तर जप्त मालाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीस बातमीदाराला देण्याचे नियम आहेत. बातमीची किंमत पैशात द्या, तीही चांगली द्या. आज ती सुटीच्या रूपात दिली जाते, आणि ती सूट सरकारच्या तिजोरीतून जात नाही. ती आमच्या दंडावरच्या टाक्यांतून, आमच्या लेकरांच्या शाळेबाहेरून जाते. पोलिसांना मिळालेल्या बातमीचं बिल गल्लीनं का भरायचं?

एक गोष्ट फार कमी बोलली जाते, आणि आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. या व्यवस्थेत खबरीही भरडला जातो. आमच्या वस्तीतली पोरं पाहिली म्हणून सांगतो. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा दोन पुड्या घेऊन सापडतो. कायद्याप्रमाणे अमली पदार्थ अल्प प्रमाणात असेल तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. स्वतः व्यसनी असलेला, उपचाराला तयार झालेला असेल तर एनडीपीएसच्या कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यातून सुटकाही मिळू शकते. गुन्हा नोंदला गेला असता तर वकील मिळाला असता, जामीन झाला असता, कदाचित व्यसनमुक्ती केंद्रात गेला असता, आणि वर्ष-दोन वर्षांत विषय संपला असता. पण गुन्हा नोंदला जात नाही. त्याला सांगितलं जातं, "केस करत नाही, पण बातमी आणून द्यायची." त्या दिवसापासून तो बांधला गेला. न नोंदलेला गुन्हा हीच त्याच्या गळ्यातली दोरी. बातमी आणायची तर त्याच लोकांत राहिलं पाहिजे, त्याच लोकांत राहायचं तर विकलं पाहिजे, प्यायलं पाहिजे. सुधारला तर निरुपयोगी. महिने लोटतात, माणूस बदलून जातो, साहेबांची बदली होते, आणि नवे साहेब त्याला ओळखत नाहीत. मग एक दिवस तो टोळीकडून मार खातो नाहीतर तुरुंगात जातो. हिला वेठबिगारी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? त्याच्यावर खटला चालला पाहिजे ही आमची मागणी त्याच्याविरुद्ध वाटते. आमच्या मनात ती त्याच्याही बाजूनं आहे.

बाहेर देशांतही हे भोगून झालं आहे. अमेरिकेत बोस्टनचा टोळीप्रमुख व्हाइटी बल्जर वर्षानुवर्षं एफबीआयचा खबरी होता. त्याला सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानंच तो पळून जाण्याआधी सावध केलं. २०११ मध्ये पकडला गेला, २०१३ मध्ये ११ खुनांत हात असल्याचं सिद्ध झालं. खबरीपणाचं हे नातं उघड झाल्यावर, तो पकडला जाण्याआधीच, तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणांना खबऱ्यांबाबत कडक लेखी नियम घालून घ्यावे लागले. उत्तर आयर्लंडमध्ये 'स्टेकनाइफ' या टोपणनावाच्या लष्करी खबऱ्याची चौकशी झाली आणि मार्च २०२४ च्या अहवालानं म्हटलं की त्याच्यामुळे वाचले त्यापेक्षा बहुधा जास्त जीव गेले. ब्रिटननं २०२१ मध्ये कायदाच केला आणि खबऱ्याला गुन्ह्याची परवानगी दिली की ती न्यायिक आयुक्ताला कळवणं बंधनकारक केलं. परवानगी द्यावी ही कल्पनाच आम्हाला पटत नाही. पण निदान तिथं कागद आहे.

आता आमच्या स्वतःवरचं बंधन, आणि ते सगळ्यांनी पाळायचं आहे. या चळवळीत कुणीही, कधीही, कोणत्याही माणसाला 'हा खबरी आहे' असं म्हणून बोट दाखवणार नाही. फलकावर नाही, मोबाइलच्या ग्रुपवर नाही, चहाच्या टपरीवर नाही. गडचिरोलीत पोलिसांचा खबरी या एका शिक्क्यानं नक्षलवाद्यांनी कित्येक आदिवासींचे जीव घेतले, आणि त्यांतल्या अनेकांनी साधी वाट दाखवली असेल किंवा तेही केलं नसेल. तो शब्द माणूस मारू शकतो. आम्ही गुन्ह्याची तक्रार करू, ओळखीची नाही. अमुक माणसानं अमुक दिवशी वार केला, एवढं बोलू. तो ठाण्यात कुणाचा कोण आहे हे बोलणार नाही, ते शोधण्याचं काम वरिष्ठांचं आणि न्यायालयाचं. ज्याला हे बंधन मान्य नाही त्यानं आमच्यात येऊ नये.

आमच्या वस्तीच्या नावात जो आहे तो पुंडलिक आठवा. कथेत तो आधी आई-वडिलांना छळणारा मुलगा आहे. नंतर बदलला, इतका बदलला की दारात आलेल्या देवाला विटेवर थांबायला लावून आई-बापाची सेवा करत राहिला. माणूस बदलू शकतो यावर आमचा विश्वास आहे, वस्तीच्या नावातच तो आहे. पण पुंडलिकानं ज्यांना छळलं त्यांचेच पाय धरले. तिसऱ्याशी सौदा केला नाही.

म्हणून आम्ही मागतो ते असं. प्रत्येक बातमीदाराची नोंद ठाण्याबाहेरच्या, पोलीस उपायुक्तांच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, संकेतांकानं, सीलबंद असावी, म्हणजे कोण कुणाला का वाचवतोय हे ठाण्यातल्या एका टेबलावर ठरणार नाही. त्या यादीतल्या कुणाविरुद्ध दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली तर ती नोंदवून घेऊन तपास दुसऱ्या ठाण्याकडे द्यावा. ज्याच्यासाठी तो काम करतो त्यानंच त्याचा तपास करू नये, एवढी साधी गोष्ट. या नोंदींची वर्षातून एकदा राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणानं तपासणी करावी. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ज्यासाठी अशी प्राधिकरणं मागितली, त्यात हे बसतं. माफीच्या साक्षीदाराच्या कलम ३४३ मध्ये आज पीडिताला ऐकण्याची तरतूद नाही. खटला मागे घेताना ती आहे, मग माफी देताना का नसावी? ती घालण्यासाठी आम्ही आमच्या आमदार-खासदारांच्या मागे लागू. माणसाच्या अंगावर हात टाकणारा, बाई-लेकरांवर अत्याचार करणारा, शाळेतल्या मुलांना नशा विकणारा, यांना बातमीच्या बदल्यात तपासातून सूट कधीच मिळू नये, हा आमचा आग्रह आहे आणि त्यावर तडजोड नाही. आणि ताईंसारख्या, स्वतःहून खबर देणाऱ्या नागरिकाचं नाव फोडणाऱ्यावर खातेनिहाय चौकशी आणि फौजदारी कारवाई दोन्ही व्हावी. राज्यानं २०१७ चा साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. तसं संरक्षण फक्त मोठ्या खटल्यांपुरतं न राहता डबे पोचवणाऱ्या पोरालाही मिळावं, आणि ते ठाण्यातल्या भिंतीवर लिहून लावावं.

वाट बघत बसणार नाही. कायद्यानं आज जे हातात दिलं आहे ते वापरायला सुरुवात करू. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती लेखी, पोस्टानं वरिष्ठांना पाठवता येते, आणि तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ते आम्ही प्रत्येक तक्रारीत विचारू. ठाण्यांत कॅमेरे लावायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे. तक्रार घेतली न गेल्याच्या तासाचं चित्रीकरण जपून ठेवावं असा अर्ज त्याच दिवशी देऊ. एकटं कुणी ठाण्यात जाणार नाही. दोघं-तिघं मिळून जाऊ, त्यात एक बाई असेलच. आमचे वकील मित्र अर्ज फुकट लिहून देणार आहेत. पुरेशी प्रकरणं जमली की जालना रोडवरच्या खंडपीठात जनहित याचिका दाखल करू. त्यासाठी भावना नको, तारखा हव्यात.

या चळवळीला अजून नाव नाही, पावती पुस्तक नाही, अध्यक्ष नाही. वर्गणी घेणार नाही. कोणत्याही पक्षाचा झेंडा लागणार नाही, आणि कोणत्या धर्माचा, जातीचा आरोपी हे विचारलं जाणार नाही, कारण दंडावरच्या टाक्याला जात नसते. पोलिसांतली जी माणसं मनापासून काम करतात आणि ज्यांना हा सौदा खुपतो, त्यांनाही आमचं बोलावणं आहे. सेवेत असाल तर नोकरी धोक्यात घालून येऊ नका, पण निवृत्त असाल तर नक्की या. आत नक्की कसं चालतं ते तुमच्याइतकं आम्हाला माहीत नाही.

ताईंची मेस अजून सुरू आहे. पोरगा आता दुसऱ्या गल्लीतून वळसा घालून डबे नेतो. पहिल्या तक्रारीचा अर्ज त्याचाच असेल, त्यानं स्वतः सही करायचं ठरवलं आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला, ताईंच्या मेसच्या अंगणात. येताना तुमच्या तक्रारीची पोच घेऊन या. पोच मिळाली नसेल तर तारीख, वेळ आणि समोर कोण बसलं होतं ते कागदावर लिहून आणा.